‘येते हं’: डिमेन्शिया, सेंटर आणि एका निरोपाचं प्रकरण

काकांना डिमेन्शियाच्या निवासी सेंटरमध्ये ठेवून अडीच महिने झाले होते, तेव्हा त्यांच्या मुलाचा फोन आला. “आईला जरा समजवाल का? ती एक दिवसाआड जाते, आणि ती येऊन गेली की बाबा बिथरतात. सेंटरवाले म्हणतायत, महिनाभर कुणी येऊच नका, रुळू द्या.” डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसांच्या घरच्यांशी बोलणं हेच माझं काम. तेव्हा असे फोन नवे नाहीत, आणि ‘समजवा’ हा शब्दही नवा नाही. मी हो म्हणाले. नक्की काय समजवायचं होतं आणि कुणाला, हे कळायला मला पुढे सहा आठवडे लागले, त्याची ही हकिगत. काकूंच्या परवानगीने लिहितेय; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका तेव्हा 79 वर्षांचे. उभी नोकरी मिरजेला, आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर म्हणून. हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं: पूर्वी टपालाची छाननी धावत्या गाडीतच व्हायची. मेलच्या डब्यात भिंतीभर कप्पे, समोर उभं राहून पत्ते वाचायचे आणि हाताने पत्रं कप्प्यात टाकत जायचं, पुढचं स्टेशन यायच्या आत थैली बांधून लाखेचं सील. काका नोकरीला लागले तेव्हा पिनकोडही नव्हता. तो आला 15 ऑगस्ट 1972 ला, आणि आणला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, जे संस्कृतात नाटकं-कविताही लिहीत. काकांना सकाळी काय खाल्लं ते सांगता यायचं नाही, मुलाचं नाव अडायचं, पण 416410 म्हटलं की क्षणात “मिरज”. 415110 म्हटलं की “कराड”. हाताला आणि जिभेला इतकं सवयीचं झालेलं सगळ्यात शेवटी जातं.

निदान 2018 चं. अल्झायमर्स, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, शिवाय एमआरआयमध्ये मेंदूतल्या छोट्या छोट्या पक्षाघातांच्या खुणा. 30 गुणांच्या स्मृतिचाचणीत तेव्हा 19 मिळाले होते, सेंटरमध्ये आले तेव्हा 9. मधली पाच वर्षं काकूंनी काढली, पहिली तीन मिरजेत, पुढची दोन पुण्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये. काका रात्री दोनला उठून कपडे घालायचे, दार उघडायचे. एकदा पोलिसांनी स्टेशनवरून आणून सोडले. मग एका सकाळी न्हाणीघरात अंगावर पाणी घेताना काकांनी घाबरून ढकललं आणि काकूंचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलेल्या हाताने 71 वर्षांची बाई नवऱ्याचं डायपर बदलू शकत नाही, एवढं साधं गणित होतं. तरी ते मान्य व्हायला घराला चार महिने लागले.

सेंटरचे दर महिन्याला 38,000 रुपये, डायपर आणि औषधं वेगळी. काकांची पेन्शन पुरत नाही, उरलेलं मुलगा घालतो. पैशांपेक्षा जास्त जाच एका क्रियापदाचा झाला. घरातले म्हणायचे “सेंटरमध्ये ठेवलंय”, नातेवाईक म्हणायचे “टाकलंय”. काकूंच्या नणंदेने तर फोनवर विचारलं, “दादाला टाकून आलीस, तुला झोप लागते?” भारतात साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे 88 लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया आहे, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. यांतले जवळजवळ सगळे घरीच असतात आणि बहुतेक घरांत त्यांचं सगळं एखादी बायको, सून किंवा मुलगीच करत असते. ‘टाकलं’ म्हणणाऱ्यांपैकी कुणी काकूंना एका रात्रीची झोप द्यायला आलं होतं का, असं मी एकदा विचारलं. त्या नुसत्या हसल्या.

आता मूळ प्रकरण. भेटीची वेळ चार ते सहा. मी दोनदा काकूंबरोबर जाऊन बाजूला बसले. दोन्ही वेळा एकच क्रम. काकू समोर बसायच्या आणि पहिलं वाक्य, “अहो, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?” काका बघत राहायचे. कधी बहिणीचं नाव घ्यायचे, कधी “आपण कुठल्या?” म्हणायचे. काकूंचा चेहरा पडायचा. काकांना तो पडलेला चेहरा बरोबर कळायचा, कारण मात्र कळायचं नाही, आणि हात चोळणं सुरू व्हायचं. मग चिवडा, केळं, थोडं बरं जायचं. पावणेसहाला काकू उठायच्या. “येते हं मी.” त्या गेल्या की काका दारापाशी. जाळीच्या दाराला धरून उभे, दीड-दीड तास. जेवायला चला म्हटलं तर नाही. वॉचमनने दंड धरून मागे ओढलं तर हात उगारायचे, एकदा चावलेही. सेंटरच्या वहीत चार शब्द होते: ‘घरी जाण्याचा हट्ट. आक्रमक.’

सेंटरचे मानसोपचारतज्ज्ञ एक गोळी सुरू करायच्या विचारात होते. काकूंचंही तेच म्हणणं होतं, “देऊन टाका, शांत तरी बसतील.” अशा, म्हणजे अँटिसायकॉटिक (भास-भ्रमांवरच्या) गटातल्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्येच औषधाच्या माहितीपत्रकात छापायला लावला होता, पक्षाघाताचा धोकाही वाढतो. कधी कधी तरीही त्या द्याव्या लागतात. मी त्यांच्या विरोधात नाही, घाईच्या विरोधात आहे. डॉक्टर समजूतदार होते, तीन आठवडे थांबायला तयार झाले.

‘महिनाभर येऊ नका’ या सल्ल्याबद्दल माझं मत तेव्हाही वाईट होतं, आजही आहे. शाळेत पहिल्यांदा घातलेल्या मुलासारखं ‘रुळेल’ असं गृहीत धरलेलं असतं. पण मूल रुळतं ते काल काय झालं हे लक्षात ठेवून. ज्याच्या डोक्यात कालचा दिवसच राहत नाही, त्याचं रुळणं वेगळं: त्याला जागा ओळखीची होते ती वासाने, आवाजाने, रोज त्याच वेळी तोच माणूस दिसण्याने. माणूसच बंद केलं तर काय रुळणार? शांतता मिळते ती बहुतेकदा वाट बघून थकल्याची असते.

मी 14 दिवसांची नोंद मागितली. काय झालं, किती वाजता, आधी काय चाललं होतं, जवळ कोण होतं. सेंटरच्या मावशी आणि दादा लोकांनी ती मनापासून ठेवली, आणि बारा-बारा तासांच्या ड्यूटीत ही काही छोटी गोष्ट नाही. चौदांपैकी नऊ संध्याकाळी काका दारापाशी गेले होते. काकू आलेल्या सहाही दिवशी गेले आणि तासावर थांबले. उरलेल्या तीन दिवशी पंधरा-वीस मिनिटांत परत फिरले. म्हणजे मुलाचं निरीक्षण चूक नव्हतं. पण काकू नसतानाही तीन दिवस ते गेलेच होते, म्हणून मी निष्कर्ष काढला की संध्याकाळ हेच कारण. उन्हं उतरली की डिमेन्शियातली घालमेल अनेकदा वाढते, हे आमच्या कामात सर्वांना माहीत आहे. त्यात काकांची नोकरी रात्रीच्या गाडीवरची, आयुष्यभर याच वेळी घरातून निघालेला माणूस. त्यांना संध्याकाळी ‘ड्यूटी’ द्यावी.

मला स्वतःची कल्पना फार आवडली होती. लाकडी कप्पे करून घेतले, जुनी पाकिटं जमवली, पत्ते लिहिले. पहिल्या संध्याकाळी काका तासभर उभे राहून छाननी करत होते. मुलाने व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. चौथ्या संध्याकाळी त्यांनी एक पाकीट उजेडात धरलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, “रिकामं आहे. शिक्का पण नाही.” सगळी पाकिटं टेबलावर लोटून दिली आणि गेले दारापाशी. पस्तीस-अडतीस वर्षं खरं टपाल हाताळलेल्या माणसाला मी खोटं टपाल दिलं होतं. ते कप्पे अजून सेंटरच्या माळ्यावर आहेत.

नंतरच्या आठवड्यात काका एकदम शांत झाले. दारापाशी जाणं बंद, खुर्चीत बसून राहायचे, दुपारीही डुलकी. व्यवस्थापिकेने फोन केला, “बघा, रुळले.” मीही सुटकेचा श्वास टाकला, हे इथे लिहून ठेवते. काकू दोन दिवसांनी गेल्या, पाच मिनिटं बघितलं आणि तिथूनच मला फोन केला. “हे रुळणं नाही. यांचे डोळे बघा. यांना काहीतरी होतंय. आणि पोटावर हात लावला की दचकतायत.”

त्यांचंच बरोबर निघालं. सर्दीसाठी कुणीतरी नेहमीची गोळी दिली होती, क्लोरफेनिरामिन असलेली, जी आपल्या प्रत्येकाच्या घरात असते. काकांचं प्रोस्टेट वाढलेलं; त्या गोळीने लघवी अडली, बद्धकोष्ठ झालं, त्यावर जंतुसंसर्ग. शिवाय स्मृतीसाठी ते घेत असलेलं डोनेपेझिल मेंदूतलं जे रसायन टिकवायला बघतं, त्याचंच काम ही सर्दीची गोळी अडवते. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढायचं. आजाराने किंवा औषधाने भान असं अचानक हरपतं, त्या अवस्थेला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. जे तासां-दिवसांत बदलतं, ते दुसरं काहीतरी असतं आणि बहुधा बरं होणारं असतं. गोंधळ घालणारा डिलिरियम कुणाच्याही लक्षात येतो. गप्प करणारा डिलिरियम सेंटरला ‘सुधारणा’ वाटतो. तो ओळखायला ते माणूस आधी कसं होतं हे ठाऊक असणारं कुणीतरी लागतं, आणि आम्ही तर त्याच कुणालातरी महिनाभर येऊ नको सांगायला निघालो होतो.

काका चार दिवस हॉस्पिटलमध्ये होते. रात्री काकू, दिवसा सेंटरचा एक मुलगा, हिंगोलीकडचा, विशीतला, काकांना ‘बाबा’ म्हणणारा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले, तेव्हा कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, निघालं होतं आणि काकांचे डोळे परत आले होते. काकू मिरजेच्या चाळीतल्या दिवसांबद्दल बोलत होत्या. संध्याकाळी डबा भरून हातात द्यायचा, हे उंबऱ्यावर उभे राहून “येतो गं” म्हणायचे, आपण “सावकाश या” म्हणायचं. परवा सकाळी परत. “जायचं ते कायम यांनी. मी दारात. आता उलटं झालंय बघा, मी जाते आणि हे दारात.”

तेव्हा तो पोरगा म्हणाला, “पण काकू, बाबा जायला नाही उभे राहत दारात. ते तुमची वाट बघतात.”

कसली वाट?

“तुम्ही येते म्हणता ना. मग ते म्हणतात, थांब, ती येते म्हणालीय. दार लावू नको, ती येतेय.”

आम्ही तिघंही गप्प. आपल्यात ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘जातो’ म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही अशी धास्ती, म्हणून निघताना ‘येते’. हे सगळं ऐकणाऱ्याने मनात भरून घ्यायचं असतं. काकांचं ते भरून घेणं संपलं होतं. शब्द तेवढा राहिला होता, आणि शब्दाप्रमाणे काकू येत होत्या. यायला निघाल्या होत्या. मग दार लावायला येणारा वॉचमन त्यांना शत्रू वाटला तर नवल काय? ‘घरी जाण्याचा हट्ट’ असं वहीत लिहिलेला माणूस कुठेही जायला निघाला नव्हता.

त्या मुलाला हे दोन महिने माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या नोंदीच्या तक्त्यात वेळ होती, जागा होती, जवळ कोण होतं ते होतं. रुग्ण काय बोलला, हा रकानाच नव्हता. तेव्हापासून मी तो पहिला ठेवते, आणि तिथे अर्थ लावून लिहायचं नाही, तोंडचे शब्द लिहायचे, असं सांगते.

उपाय सोपा वाटला: ‘येते’ म्हणू नका. काकू म्हणाल्या, “मग काय म्हणू? जाते? ते माझ्या तोंडातून निघायचं नाही.” काहीच न बोलता उठायचं? “चोरासारखी?” हसण्यावारी नेण्यासारखं यात काही नाही. पन्नासाहून अधिक वर्षांच्या संसारात एकदाही न उच्चारलेला शब्द नवऱ्याच्या या अवस्थेत कोणती बाई उच्चारेल? दोन दिवसांनी वाट काकूंनीच काढली. आपण निघायचंच नाही. त्यांना निघू द्यायचं.

भेटीची वेळ सेंटरने आमच्यासाठी बदलली: सकाळी अकरा ते एक. काकू येताना जुना पितळी कड्यांचा डबा आणायच्या, त्यात दशमी आणि शेंगदाण्याची चटणी. आल्यावर ‘ओळखलंत का’ बंद. त्याऐवजी शेजारी बसून, “मी आलेय. तुमच्यासाठी गवार निवडतेय.” खरंच गवार न्यायच्या. काकाही निवडायला लागायचे, निवडलेली आणि न निवडलेली एकत्र करायचे, काकू परत वेगळी करायच्या. एकच्या सुमाराला तो हिंगोलीचा मुलगा यायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “बाबा, गाडीची वेळ झाली.” मी त्याला तेवढं वाक्य बदलायला सांगितलं. कुठलीच गाडी नव्हती, आणि रिकाम्या पाकिटांनी मी पोळले होते. “चला बाबा, निघायची वेळ झाली,” एवढं पुरे, त्यात खोटं काही नाही. याबाबत माझे सहकारी मला सोवळी म्हणतात. असू दे.

काकू डबा हातात द्यायच्या. काका तो घ्यायचे, दोन पावलं टाकून वळायचे. “येतो गं.” “सावकाश या.” मग लांब पॅसेजमधून मागच्या जेवणघराकडे, तिथे खिडकीजवळ बसून डबा उघडायचा. काकू पुढच्या दाराने बाहेर.

पुढच्या 14 दिवसांत काका चार संध्याकाळी दारापाशी गेले, वीस मिनिटांच्या वर एकदाही नाही. गोळी सुरू झाली नाही. जादू झाली असं समजू नये. एके दिवशी “तू पण चल” म्हणून काकूंचा हात सोडेनात. एकदा डबा भिरकावला. दर संध्याकाळी चहानंतर त्यांना अंगणात दोन फेऱ्या मारून आणायला लागायचं, आणि माणूस कमी असला की त्या फेऱ्या बुडायच्या, मग दार. वॉचमनला एवढंच शिकवलं की ओढायचं नाही, शेजारी खुर्ची टाकून बसायचं. हे शिकायला त्याला एक दुपार लागली.

कागदांचं थोडक्यात. पेन्शनचं खातं नवरा-बायकोच्या नावावर होतं म्हणून अडलं नाही, पण मिरजेच्या दोन ठेवी एकट्या काकांच्या नावावर. मुलाने 2019 मध्ये मुखत्यारपत्र करून घेतलं होतं आणि तो निर्धास्त होता. आपल्याकडे 1872 च्या करार कायद्याप्रमाणे ते देणाऱ्याची विचारशक्ती गेली की मुखत्यारपत्रही संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. मग उच्च न्यायालयात पालकत्वासाठी अर्ज, वकील, तारखा. निदान झालं त्या वर्षीच ठेवींवर काकूंचं नाव चढवलं असतं तर हे टळलं असतं. काकांना 80 पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनमध्ये 20 टक्के वाढ मिळाली, त्यात डायपरचा खर्च निघू लागला.

संक्रांतीला सोसायटीत हळदीकुंकू होतं. काकू गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, “मी सवाष्ण आहे का, हे मलाच कळेना. बायका वाण देतील, आणि मनात म्हणतील.” अशा दुःखाला आपल्याकडे तेरावा नाही, भेटायला कुणी येत नाही, पांढऱ्या कपड्यात कुणी शेजारी बसत नाही. महिन्यातून एकदा त्या आता माझ्याकडे येणाऱ्या पाच-सहा बायकांच्या बैठकीला येतात. सगळ्यांचे नवरे जिवंत आहेत. पहिल्या बैठकीत काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या बैठकीला त्यांनी तिळगूळ आणला, फेब्रुवारी उलटून गेला होता तरी.

जूनपर्यंत “येतो गं” टिकलं. मग काका डबा घ्यायचे, चालायचे, पण वळायचे नाहीत. ऑगस्टमध्ये वॉकर आला, दोन्ही हात त्यात अडकले, डबा तो मुलगा धरायचा. दिवाळीनंतर चालणंच थांबलं. आता काकू मऊ भात भरवतात, एक-एक घास, मध्ये पाणी, ठसका लागू नये म्हणून घट्ट करून. सव्वा वाजता तोंड पुसतात, पांघरूण सारखं करतात.

गेल्या वेळी मी दारापाशी थांबले होते. काकूंनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “येते हं.” माझ्याकडे बघून, जरा ओशाळून, “आता म्हटलं तरी चालतं. ते नाही थांबत आता.”